विहीणबाईंचा पूर्ण पत्ता

विहीणबाईंनी बोलावलं आणि आपण गेलो नाही, असं कुठे होतं का? निदान जबलपूरच्या मराठी घरांत तरी होत नाही. म्हणून वसुधा, जिनं रेल्वेच्या ऑफिसात नोकरीभर कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं होतं, ती ऐन संक्रांतीच्या गडबडीत फेडिव्हर्स नावाच्या प्रकरणात शिरली.

त्याचं असं झालं. तिच्या मुलीचं, प्रणोतीचं, लग्न जमलं होतं. मुलगा गौरांग, भोपाळला इंजिनियर. त्याची आई अनसूयाबाई इंदूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. साखरपुडा वसंतपंचमीला. अनसूयाबाई फोनवर म्हणाल्या की सोशल मीडियावरच्या त्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आणि भांडणं यांना कंटाळून मी तिथली खाती केव्हाच बंद केली, आता तुम्हीही इकडे या, बागेचे फोटो टाका, निवांत बोलू. वसुधानं अच्छा, अच्छा म्हणत फोन ठेवला आणि मग कपाळाला हात लावला.

अनसूयाबाईंनी शिकवलं मात्र बाई नीट, अगदी वर्गात शिकवावं तसं. इथे सगळ्यांचा मिळून एक मालक नाही. ठिकठिकाणी हौशी माणसं आपापला सर्व्हर चालवतात. आपण एका सर्व्हरवर घर करायचं आणि बोलायचं सगळ्यांशी. त्यामुळे इथला पत्ता नुसत्या नावाचा नसतो. आधी नाव, मग सर्व्हर. आणि कुणाचा असा पूर्ण पत्ता लिहिला, की आपलं लिहिलेलं थेट त्याच्या दारात जाऊन पडतं.

हे वसुधाला फार आवडलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला नुसत्या नावानं कधी समाधान झालंय? कुणी देशमुख भेटला की पहिला प्रश्न, कुठले देशमुख, सागरचे की छिंदवाड्याचे? तिचा नवरा चंद्रशेखर तर फॅक्टरीतल्या साहेबालाही गाव विचारून आला होता. इथे सगळे गावासकटच फिरतात म्हटल्यावर तिची भीती निम्मी झाली.

अनसूयाबाईंच्या सर्व्हरवर नवीन माणसं घेणं थांबलं होतं. मग बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साड्या बघाव्यात तशी वसुधानं सर्व्हरांची यादी वरून खाली, खालून वर पाहिली. एकाचं चित्र भडक, एकाचे नियमच लांबलचक. शेवटी ‘रेवाकाठ’ दिसला. नर्मदेचं नाव आहे, वाईट काय असणार, म्हणून तिनं तो घेतला. तिथे आत घेण्याआधी विचारलं होतं, ‘तुम्हाला इथे का यायचं आहे?’ तिनं खरं ते लिहिलं, की विहीणबाईंनी बोलावलं म्हणून. प्रणोती तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. या मायलेकींचं असंच होतं. एकीच्या हातात फोन असला की दुसरीचं डोकं त्यात असायचंच.

पहिले काही दिवस तिथे शुकशुकाट. कुणी आपणहून समोर येत नाही, काही आणून दाखवत नाही, आपणच माणसं शोधायची. वसुधाला वाटलं, ही काय पीडा, सामान लागलेलं नाही अशा रिकाम्या क्वार्टरात राहायला आल्यासारखं. मग तिनं शेवंतीचा फोटो टाकून आपली ओळख लिहिली, अनसूयाबाईंनी ती पुढे पाठवली आणि कुठून कुठून माणसं ‘या, या’ म्हणत आली. तिनं नागपूरच्या धाकट्या बहिणीला, कुंदालाही ओढून आणलं. आता दुपारचं काम आवरलं की वसुधा चष्मा लावून तिथे बसायची.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पण वसुधाच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिला धड जेवू देत नव्हती.

प्रणोतीला कॉलेजात असताना फिट आल्या होत्या. आता कितीतरी दिवसांत आली नव्हती, पण गोळ्या चालू होत्या, वेळेवर झोपावं लागायचं आणि डॉक्टर म्हणाले होते की लग्नाला काही हरकत नाही, फक्त समोरच्यांना सांगा. प्रणोतीनं पहिल्याच दिवशी आईला बजावलं होतं, की हे तू आधी सांग, नाहीतर मी सांगते. वसुधा म्हणाली, मोठ्यांचं मोठ्यांना बोलू दे. दोनदा तिनं अनसूयाबाईंना फोन लावला. दोन्ही वेळा तिळगुळापासून हॉलच्या भाड्यापर्यंत सगळं बोलून झालं आणि तेवढं एक राहिलं. याआधी सागरचं एक स्थळ एवढ्याच कारणानं परत गेलं होतं, तेव्हा पोरगी आठवडाभर खोलीतून बाहेर आली नव्हती. ते वसुधाला पुन्हा बघायचं नव्हतं. शेवटी प्रणोतीनं विचारलं तेव्हा वसुधा सरळ खोटं बोलली. सांगितलं, अनसूयाबाई हो म्हणाल्या, आणि म्हणाल्या की आता हा विषय पुन्हा नको, गौरांगलाही अवघडायला होतं.

झालं. पोरीनं ते अक्षर न् अक्षर खरं मानलं. गौरांगशी रोज बोलायची, पण हा विषय तिनं एकदाही काढला नाही. मध्यंतरी इंदूरला जाऊन आली तर डोळे भरून सांगत होती, की सगळे पत्ते खेळत होते आणि सासूबाईंनी मलाच तेवढं सांगितलं, जागू नको, तू जा झोपायला. अनसूयाबाईंनी ते सहज म्हटलं असणार, प्रवासातून आलेल्या कुठल्याही पोरीला म्हणतात तसं. वसुधा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं उगाचच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

आणि एके दिवशी सकाळी डबा भरताना प्रणोतीनं बॉम्ब टाकला. ती शाळेत निघाली होती, चित्रकला शिकवायची ती तिथे. म्हणाली, साखरपुड्याला मी सासूबाईंना सगळ्यांसमोर थँक्यू म्हणणार, माझं सगळं माहीत असून मला सून करून घेऊन राहिल्यात म्हणून. वसुधाच्या हातातली पोळी डब्याबाहेर पडली.

दुपारी ती पनागरचे मटार सोलायला घेऊन बसली, पण तिचं लक्ष कुठे होतं? चंद्रशेखर फॅक्टरीत गेलेला. त्याला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याला वाटत होतं बायकांनी बायकांचं बोलून घेतलंय. बोलायचं तर कुणाशी? कुंदाच्या घरी फोन कायम स्पीकरवर. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर वसुधाचं व्हॉट्सअॅप प्रणोतीच्या लॅपटॉपवर उघडंच असायचं. उरलं हे नवीन घर. इथे दोघी बहिणी कुलपाचं चित्र लावून लिहायच्या. कुलूप लावलं की बाकी जगाला दिसत नाही, हे वसुधानं आजमावून पाहिलं होतं.

आता कुंदाची एक नणंदही अनसूया. मागे एकदा वसुधानं नुसतं ‘अनसूयाबाई बऱ्या आहेत’ लिहिलं, तर कुंदानं माझ्या नणंदेला काय झालं होतं म्हणून धसका घेतला होता. म्हणून या वेळी वसुधानं चोख काम केलं. कोणत्या अनसूयाबाई ते कळायला हवं, म्हणून नावापुढे सर्व्हर जोडून विहीणबाईंचा पूर्ण पत्ता लिहिला. मग लिहिलं, की यांना मी प्रणोतीच्या फिटचं अजून सांगितलेलं नाही, हिंमतच होत नाही, काय करू सांग. वर कुलूप लावलं. पाठवलं. आणि हलकं वाटून ती पुन्हा मटार सोलू लागली.

कुलूप होतं हो, पण ज्यांचे पत्ते आत लिहिलेत त्या सगळ्यांच्या हातात किल्ली होती. अनसूयाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की. पत्ता लिहिला की दारात पडतं.

मटार निम्मे व्हायच्या आत उत्तर आलं. कुंदाचं असेल म्हणून तिनं हात पुसून उघडलं, तर वर अनसूयाबाईंचं नाव.

‘वसुधाताई, हे तुम्ही कुंदाताईंना लिहिलंय असं दिसतं, पण मलाही आलं आहे. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते आता माझं मलाच सांगता येत नाही, आणि याचा मला राग आलाय. एकच सांगा. आम्हाला हे माहीत नाही, हे प्रणोतीला माहीत आहे का?’

वसुधानं आधी काय केलं असेल, तर आपलं लिहिलेलं पुसून टाकलं. वाचून झालेलं पुसून काय होणार, पण भीतीपुढे डोकं चालतं कुणाचं? मग कुंदाला फोन लावला, स्पीकर बंद कर म्हणाली आणि सगळं सांगितलं. कुंदा आधी म्हणाली, कुणीतरी खातं वापरलं म्हण. मग स्वतःलाच ते पटलं नाही.

“असं कर ताई, प्रणोतीचंच नाव सांग,” कुंदा म्हणाली. “म्हण की पोरगीच नको म्हणून राहिली होती. सासवा सुनेला करतात माफ. विहिणीला नाही करत कोणी.”

खोटं कशाला बोलायचं, वसुधाला हे क्षणभर बरं वाटलं. तरुण पोर, घाबरली, लपवलं, चूक झाली. कोण धरून बसेल? लग्न वाचेलही. तिनं फोन ठेवला आणि तसं लिहायलाही घेतलं. ‘प्रणोतीला’ एवढा शब्द लिहून झाला आणि तिला पत्त्यांचा तो डाव आठवला, जागू नको म्हटलं म्हणून भरून आलेले पोरीचे डोळे आठवले. या पोरीनं पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट मागितली होती. तिच्या माथी आता हे मारायचं? वसुधाला स्वतःची शिसारी आली.

तिनं लिहिलं, ‘प्रणोतीला माहीत नाही. तुम्हाला सगळं सांगितलंय असं मी तिला खोटंच सांगितलं. ती तुम्हाला देव मानून राहिली आहे. दोष माझा, तिचा नाही.’ या वेळी तिनं अनसूयाबाईंचा पत्ता दोनदा तपासून घातला. पाठवल्यावर तिथून काही आलं नाही. मटारांच्या सालींचा ढीग तसाच पडला होता.

प्रणोती आली ती बड्या फुहाऱ्यावरून साखरपुड्याचं ब्लाउज घेऊनच. शिंप्यानं बाह्या मस्त बसवल्यात, म्हणत ती पिशवीतून काढायलाही लागली. वसुधा म्हणाली, आधी बस. मग तिनं सांगितलं. थांबली नाही, रडली नाही, अनसूयाबाईंचं उत्तरही वाचून दाखवलं. चूक कशी झाली ते सांगायला लागली तेव्हा प्रणोतीनं हात वर केला. पत्त्याच्या चुकीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

ती किती वेळ ब्लाउजच्या बाहीवरून बोट फिरवत राहिली.

“मग एवढे दिवस त्या हो कोणाला म्हणून राहिल्या होत्या, आई?”

तुझ्यासाठीच केलं, हे वाक्य वसुधाच्या ओठावर आलं होतं, ते तिचं तिलाच खोटं वाटलं. ती एवढंच म्हणाली की मी आत्ता फोन लावते, इंदूरला जाते, पाय धरते. प्रणोती नको म्हणाली. तुझं बोलून झालंय, आता मी बोलेन. फोनवर मला रडू येईल, मी लिहून सांगते, गौरांगलाही मीच सांगते. तिनं ब्लाउजची घडी घालून ते परत पिशवीत ठेवलं, पाणी आणलं, गोळीची वेळ झाली होती ती घेतली.

मग भिंतीला टेकून बसून तिनं आपल्या फोनवर रेवाकाठ उघडलं. आईच्या खात्यातून लिहायचं नव्हतं तिला, स्वतःचं खातं काढत होती. वसुधाला माहीत होतं आता काय येणार. आधी नाव विचारतील, मग तो प्रश्न, तुम्हाला इथे का यायचं आहे. प्रणोती तिथे येऊन थांबली, थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली आणि मग लिहायला लागली. लांबच लांब लिहीत होती.

वसुधा सवयीनं सरकली. पोरीच्या खांद्याशी आली, चष्मा सारखा केला आणि काय लिहितेय बघायला वाकली.

प्रणोतीनं फोन दुसऱ्या बाजूला वळवला.