गाठीची बाटली

मित्रांनो, मी काचेची बाटली आहे. रुंद तोंडाची, हिरव्या पत्र्याच्या झाकणाची, आणि वयाने तुमच्यापैकी बहुतेकांच्या आईएवढी. म्हाताऱ्या बायका जुनं सांगायला लागल्या की थांबत नाहीत, तसं माझंही होतं. पण माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका.

एका कारखान्यात वितळलेली काच साच्यात ओतून मला घडवलं. माझ्यात दुधात घालायची तपकिरी पावडर भरली आणि मला दुकानात ठेवलं. १९८९ साली ओझरच्या पुढच्या एका गावात लंकाबाई बाळंत झाली, तिला निकिता झाली. तेव्हा तिचा नवरा हिरामण मला नाशिकहून घेऊन आला. हिरामण टेम्पो चालवायचा. नाशिकच्या द्वारका चौकात माल उतरवला की परत येताना घरी काही ना काही आणायचा.

लंकाबाईची सासू कुसाबाई गावातली सुईण होती. मला पाहून ती म्हणाली, "बाटलीतल्या भुकटीनं कुठं दूध येतं व्हय? डिंक खा, मेथी खा." पण रोज सकाळी दोन चमचे पावडर दुधात ढवळून सुनेच्या हातात पेला द्यायची तीच.

पावडर संपल्यावर मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात साखर भरली. ती माझी सुखाची वर्षं होती. शेजारणी वाटीभर साखर मागायला यायच्या आणि म्हणायच्या, "काय नितळ बाटली हाय गं लंके!" मला बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

१९९६ साली लंकाबाईच्या डाव्या स्तनात गाठ आली. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. चार महिने तिने कुणालाच सांगितलं नाही. एकदा सासूने पाठ चोळून द्यायला घेतली, तेव्हा सासूच्या हाताला ती लागली. कुसाबाईने दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हे माझ्या हातातलं काम नाय. उद्याच नाशकाला जायाचं."

त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. चौदा खाटांचा होता आणि बाहेर चपलांचा ढीग असायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "साधी गाठ आहे. काढून टाकू." तिथल्या ज्योत्स्ना सिस्टरने हिरामणला बजावलं, "उद्या घरून एक मोठ्या तोंडाची रिकामी बाटली आणा." माझ्यातली साखर डब्यात ओतली गेली आणि मी पिशवीत बसून नाशिकला गेले.

मित्रांनो, त्या दिवशी काय घडलं आणि कोण काय बोललं, हे मला जसं ठाऊक आहे तसं दुसऱ्या कुणालाच नाही. डॉक्टरांनी गाठ काढली. लिंबाएवढी होती. ती माझ्यात टाकली, वरून सलाईनचं पाणी ओतलं. सिस्टरने चिकटपट्टीचा तुकडा माझ्या पोटावर लावला आणि त्यावर बॉलपेनने इंग्रजीत लंकाबाईचं नाव लिहिलं. खाली तीन अक्षरं लिहिली: एच, पी, ई. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "नातेवाइकांना देऊन टाक." एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन हिरामणच्या खांद्यावर थोपटलं. "काळजी करू नका. गाठ गेली."

सिस्टरने मला वर्तमानपत्रात गुंडाळून हिरामणच्या हातात दिलं.

"काय करू हिचं?" हिरामणने अगदी हळू विचारलं. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. बायकोच्या छातीतली वस्तू हातात घेऊन तो गडी लाजेने लाल झाला होता.

"सरांनी द्यायला सांगितलीय. न्या हो, मागे पेशंट आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. लाज नसती तर विचारलं असतं. तिला घाई नसती तर तिने सांगितलं असतं. एकाची लाज आणि एकीची घाई, यांच्यामध्ये मी होते आणि माझ्यात ती गाठ होती.

लंकाबाईजवळ शेजारची एक बाई थांबली आणि हिरामण मला घेऊन घरी आला. कुसाबाईने कागद सोडला, आत पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. तुम्हाला ठाऊक नसेल, बाळंतिणीची वार, म्हणजे बाळामागून पडते ती, पूर्वी उकिरड्यावर टाकत नसत. परसात खड्डा खणून, हळदकुंकू वाहून पुरत असत. ती कुत्र्याने ओढली तर बाईच्या जिवाला त्रास होतो, असं कुसाबाईला तिच्या आईने शिकवलं होतं. गावातल्या दोनशे पोरांची वार तिने स्वतःच्या हाताने पुरली होती.

"मास अंगातलंच हाय ना? मग तसंच करायचं," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत गोठ्यामागे तिने हातभर खड्डा खणला. गाठ त्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, माती लोटली आणि हात जोडून म्हणाली, "आलीस तशी गेलीस. आता माझ्या सुनेच्या वाटंला जाऊ नको बाई."

मला तिने फोडलं नाही. माझ्यात खायचं काही भरणं मात्र शक्य नव्हतं, म्हणून मला तीन वेळा धुऊन माझ्यात कांद्याचं बी ठेवलं. धुताना चिकटपट्टीवर पाणी जाऊ दिलं नाही. "डाक्टरच्या हातचं अक्षर हाय," ती म्हणायची. "असू द्या." हिरामणला इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचता यायची. एच, पी, ई म्हणजे खाटेचा नंबर असेल, असं त्याला वाटलं.

चौदा महिन्यांनी गाठ परत आली. ह्या वेळी काखेतही होती. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?"

हिरामण म्हणाला, "कसला रिपोट?"

त्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी समजावलं की काढलेली प्रत्येक गाठ तपासायची असते. तेव्हाच तपासली असती तर कॅन्सर तेव्हाच कळला असता. आता स्तन काढावा लागेल आणि तरीही खात्री देता येणार नाही.

स्तन काढला. इंजेक्शनं झाली, केस गेले. निकिता नऊ वर्षांची होती. ती आईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "आई, तू आपल्या टकल्या आप्पासारखी दिसती." लंकाबाई हसायची. तिला हसायला आवडायचं.

मग ग्राहक मंचात तक्रार झाली. मोहिनीताई नावाच्या वकीलबाईंनी ती लिहिली. नुकसानभरपाई मागितली होती. पण लंकाबाईने ताईंना सांगितलं, "पैसा नको असं नाय म्हनत मी. इलाजाला लागतोच. पन त्यानं एकदा कागदावं म्हनावं, चूक माझी हाय. मग मी सुटले."

चूक कुणाची, हे ठरायला पाच वर्षं लागली.

मोहिनीताई एकदा घरी आल्या होत्या. "दवाखान्याने काही लिहून दिलं होतं का? चिठ्ठी, कागद, काहीही?"

"नाय ताई," हिरामण म्हणाला.

उंबऱ्यापाशी कुसाबाई तांदूळ निवडत होती. "हिरामण, ती बाटली..."

"आई, तू मधी बोलू नको."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. पण दुसऱ्या दिवशी माझ्यातलं बी तिने फडक्यात बांधलं आणि मला पुसून पिशवीत घातलं.

सुनावणीला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की गाठ तपासून घ्या असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, नातेवाइकांनीच दुर्लक्ष केलं. ज्योत्स्ना सिस्टरनेही लिहून दिलं होतं की तिने तीन वेळा समजावलं. ती अजून तिथेच नोकरीला होती. मी पिशवीतून ऐकत होते. तीन वेळा!

मग मंचाच्या अध्यक्षसाहेबांनी डॉक्टरांच्या वकिलांना विचारलं, "तपासायला सांगितल्याचा पुरावा काय?"

"साहेब, तोंडी सांगितलं होतं."

"म्हणजे कुठे एक अक्षरही लिहिलेलं नाही?"

वकील कागद चाळू लागले. मोहिनीताईंनी हिरामणकडे पाहून किंचित मान हलवली. काम आपल्या बाजूने झुकत होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुसाबाई उठली.

"हाय की अक्षर! साहेब, मी आनलंय."

मोहिनीताई म्हणाल्या, "आजी, बसा." पण मी तोवर टेबलावर होते. चार वर्षं पाण्यापासून जपलेली चिकटपट्टी समोर करून कुसाबाई अभिमानाने उभी होती. तिला वाटत होतं, खऱ्या माणसाला लिहिलेल्याची काय भीती?

डॉक्टरांच्या वकिलांनी वाकून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "एच. पी. ई. म्हणजे गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. साहेब, हाच आमचा पुरावा. आजी, तुमचे फार फार आभार!"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"आता सांगा आजी, त्या गाठीचं काय केलंत?"

"पुरली. हळदकुंकू वाहून."

"कुणाला विचारून पुरलीत?"

"वार पुरताना कुनाला इचारत्यात व्हय?"

आता बरेच जण हसले. ज्योत्स्ना सिस्टर हसली नाही. ती माझ्यावरच्या आपल्या अक्षराकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

मोहिनीताई उठल्या. "साहेब, ही तीन अक्षरं लॅबवाल्याला कळतात. पण बाटली लॅबवाल्याला दिली नव्हती, टेम्पोवाल्याला दिली होती. आणि त्यात होतं साधं सलाईन, गाठ तपासणीपर्यंत टिकवायचं औषध नव्हे."

साहेबांनी माझ्यावरचा मजकूर उतरवून घेतला. "बाटली सांभाळून ठेवा," असं म्हणून मला परत दिलं.

द्वारकेला जीपची वाट पाहत चौघं उभी होती. निकिता उसाचा रस मागत होती. लंकाबाईने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि सासूकडे वळली.

"आत्याबाई, तुमच्या हाताला लय गुन हाय. तुमी पुरलं की उगवतंच."

ती हसत म्हणाली. कदाचित थट्टाच असेल. आयुष्यभर दोघी एकमेकींची थट्टाच करत आल्या होत्या. पण कुसाबाईने पिशवी झटकन दुसऱ्या हातात घेतली आणि मी तिच्या बांगडीवर आपटले. घरी गेल्यावर मला फळीवर ठेवून तिने दोन्ही हात साबणाने धुतले. मग पुन्हा धुतले. त्या दिवसापासून तिने गावात एकही बाळंतपण केलं नाही. कुणी बोलवायला आलं की सांगायची, "माझ्या हाताचं काय खरं नाय."

२००० सालच्या दिवाळीआधी लंकाबाई गेली. शेवटचे तीन महिने सासूच तिला भरवत होती, पुसत होती. लंकाबाई तिच्या हाताने खायची. पण आपलं ते बोलणं तिने मागे घेतलं नाही, आणि कुसाबाईने ते मागे घे म्हटलं नाही. मी दोघींच्या समोर फळीवर होते. दोघींनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

निकाल २००३ साली लागला. हिरामण कागद घेऊन आला, तेव्हा कुसाबाई ओट्यावर बसली होती.

"काय म्हनले? चूक कुनाची?"

हिरामणने सरळ सांगितलं. खोटं बोलायला त्याला जमत नसे, आणि त्या दिवशी ते जमलं असतं तर फार बरं झालं असतं. "डाक्टरनं स्वता तपासायला धाडायला पायजे होती, नायतर मराठीत लिहून द्यायला पायजे होतं म्हनले. पन घरच्यांनी बी न इचारता पुरायला नको होती. निम्मी चूक त्याची, निम्मी आपली. पैसं बी निम्मं."

"आपली मंजी कुनाची?"

हिरामणने कागदाची घडी घातली.

"तू तर आनून माझ्या हातात दिली. पुरली मी. मंजी माझीच ना?"

"आई, सोड ना आता."

"निम्मी मंजी किती रं हिरामण?" ती खरंच विचारत होती. "बाई तर आख्खी गेली."

डॉक्टरांकडून रक्कम वकिलामार्फत आली. सोबत एक शब्दही नव्हता. कुसाबाई मला मोरीत घेऊन गेली आणि नखाने चिकटपट्टी खरवडू लागली. नख मोडलं. मग तिने विळी घेतली. अक्षरं गेली, पण गोंदाचा काळपट चौकोन काही निघाला नाही. त्याच्यावर ती कितीतरी वेळ राख घासत राहिली. पुढच्या वर्षी तीही गेली. औषध घे म्हटलं तर घ्यायची नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणायची, "तिथं जाऊन काय करू? मला काय इचाराचं ते कळत नाय."

मी अजून त्याच फळीवर आहे, रिकामी. मला कुणी फोडत नाही आणि कुणी वापरतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी कधी दवाखान्यात जाईल. तुमच्या हातात कुणी बाटली देईल, पुडी देईल, कागद देईल. तेव्हा विचारा की हे काय आहे, कुठे न्यायचं, कधीपर्यंत आणि का. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा, आणि आपल्या भाषेत लिहून मागा. सिस्टर घाईत असेल, डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील, बाकावरची माणसं तुमच्याकडे बघतील. बघू देत.

त्या दिवशी त्या बाकासमोर मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.