बारीक माशांची बादली

माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे, त्यामुळे सासरी सगळ्यांचा ठाम समज आहे की मला मासे कळतात. मला प्लास्टिकच्या पिशवीतून येणारे मासे कळतात. समुद्रातल्या माशांच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो. पण सासऱ्यांचा धक्क्यावरचा जोडीदार, एक निवृत्त पोस्टमन, मुलीकडे राहायला गेला. पुढच्याच रविवारी सासरे एकटे मासे पकडायला गेले आणि अंगठ्यात गळ रुतवून घरी आले. वारा होता, म्हणाले. डॉक्टरांनी गळ काढला आणि सासूबाईंनी निकाल दिला: सोबतीला कुणी जाणार असेल तर ठीक, नाहीतर गळाची काठी माळ्यावर.

थोरला मेहुणा जहाजावर नोकरीला. धाकट्याला धक्क्यावर उभं राहूनही बोट लागते. उरलो मी. बायको म्हणाली, "तू माशांतलाच आहेस ना."

रविवारी सकाळी गेलो तेव्हा सासूबाई दारात सासऱ्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या आणि लावता लावता झापत होत्या. "आज काही कमीजास्त झालं तर मी ऐकायची नाही. जावईबापू, तुम्ही साक्षीदार."

सासरे छताकडे बघत उभे होते. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस. खडूच्या खुणेवर पेटी अलगद टेकवायचे, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर आठवडाभर ते नुसते रविवारची वाट बघायचे. काठी माळ्यावर गेली असती तर हा माणूस खुर्चीतून उठलाच नसता. म्हणून मी आलो होतो, हौस म्हणून नाही.

धक्क्यावर पोचताच त्यांनी नियम सांगितला. "आधी बारीक मासे. मोठा मासा जिवंत बारीक माशावर येतो. आणि बारीक मासे नवशिक्यानेच पकडायचे."

"आणि तुम्ही?"

"मी बघणार."

एक हात खिशात घालून ते बोटी बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले. मला तो रुबाब वाटला.

बारीक माशांसाठी वेगळी, आखूड काठी होती. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, वर ओळीने सहा इवले गळ, आणि प्रत्येक गळाला चमकीचा तुकडा. आमिष लावायचंच नाही, मासे चमकीलाच फसतात. लांब फेकायचं नाही. धक्क्याच्या खांबाशी, सावलीत, सरळ खाली सोडायचं आणि काठी हलकेच वरखाली करायची. त्याआधी भिजवलेला पाव कुस्करून पाण्यात टाकायचा. एवढं सांगून ते मोठी काठी पुसायला लागले. मी पाव टाकला.

"किती टाकलात?"

"सगळा."

"सगळा?"

"दुकानात आम्ही पोटभर घालतो. उपाशी माशाचा रंग उतरतो."

सासऱ्यांनी वाकून पाण्यात बघितलं. खाली चंदेरी माशांची झुंबड उडाली होती. माझ्या चमकीकडे कुणी ढुंकूनही बघेना. पाव संपला तशी सगळी मंडळी शांतपणे निघून गेली.

"तुम्ही त्यांना जेवायला घातलंत," सासरे म्हणाले. "नुसता वास दाखवायचा होता."

त्यांना पुन्हा भूक लागेपर्यंत आम्ही बसून राहिलो. आमच्या डब्यातला पावही मी पाण्यात टाकायला काढून ठेवला आणि आम्ही नुसती उकडलेली अंडी खाल्ली.

मासे परतले. या वेळी मी चिमूटभरच पाव टाकला. दोरीला झटका बसला तशी मी काठी उचलली. एक मासा, बोटाएवढा.

"घाई कशाला? एक अडकला की तो धडपडतो. ते बघून बाकीचे येतात."

"का येतात?"

"माणसं नाही का येत?"

पुढच्या वेळी थांबलो. काठी जड झाली, वर घेतली तर पाच मासे एकदम लखलखत वर आले. मी ओरडलो. दुकानात मी कधी ओरडत नाही. तळपायापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग मात्र सवय आडवी आली. हात ओले करून मी एकेक मासा सोडवला. बादली सावलीत सरकवली, पाणी बदललं आणि पिशवीतून बॅटरीवरचा हवेचा पंप काढून आत सोडला. सासरे बुडबुड्यांकडे बघत होते.

"यांचं पुढे काय करायचंय, माहीत आहे ना?"

"तोपर्यंत तरी."

"झालं तोपर्यंत. एक काढा, गळाला लावा."

मी बादलीत हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. शेपटीशी काळा ठिपका असलेला एक मासा माझ्या बोटाशी येऊन खायला मागत होता. दुकानात मासे रोज मरतात, पण आपले आपण मरतात. मी त्यात कधी हात घातलेला नाही.

"बाबा, तुम्हीच लावा. मला नाही जमणार."

त्यांनी खिशातला हात काढून बादलीत घातला. मासा हाताला लागला आणि निसटला. पुन्हा लागला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा एक मुठीत आला, पण दुसऱ्या हातातला गळ काही केल्या त्याच्याजवळ जाईना. टोक हवेत इकडून तिकडे थरथरत होतं. वारा अजिबात नव्हता. अंगठा, पोस्टमन आणि नवशिक्यांचा तो नियम, सगळं मला एकदम कळलं.

मासा बादलीत टाकून त्यांनी हात परत खिशात घातला.

"पोस्टमन लावून द्यायचा," ते म्हणाले. "घरी बोलू नका."

मला फार वाईट वाटलं. मी ठिपकेवाला सोडून दुसरा मासा धरला आणि ते सांगतील तसा वरच्या ओठातून गळ घातला. बोटांना दोनतीनदा टोचला. माशाची मी मनात माफी मागितली, उपयोग काही नव्हता. मोठी काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. काठीच्या वजनाने थरथर कमी झाली आणि त्यांची नजर होती तिथेच, बरोबर खांबाच्या कडेला, त्यांनी आमिष उतरवलं. क्रेनवाले ते.

मोठा मासा काही आला नाही. दुपारी उरलेले मासे आम्ही समुद्रात सोडले, ठिपकेवाला सगळ्यात शेवटी. सासरे घरापर्यंत शीळ घालत आले.

"काय मिळालं?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"वारा होता," सासरे म्हणाले.

"गळ कुणी लावला?"

"बाबांनीच," मी घाईघाईने म्हणालो.

सासूबाईंनी माझा हात धरून उलटा केला, टोचलेली बोटं बघितली आणि सोडून दिला. "बरं," म्हणाल्या. मग त्यांनी सासऱ्यांच्या शर्टाची बटणं वरून खाली एकेक सोडवली. सासरे हातपाय धुवायला आत गेले.

"त्यांना वाटतं, मला माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांची बटणं रोज कोण लावतं?"

"मग ती काठी माळ्यावर टाकायची धमकी?"

"त्याशिवाय तुमच्यापैकी कुणी सोबत गेलं असतं का?"

मी माळ्याकडे बघितलं. तो चांगलाच उंच होता. "आणि आम्ही नसतोच गेलो, तर?"

"तर काय? काठी वर जाणार कशी? शिडी मी केव्हाच देऊन टाकली. असल्या हातांनी हे वर चढायला बघायचे."