पलंगपोसाची मधली लेस

उसवणमावशींना कात्रीची भीती वाटते, असं कुणी म्हणालं असतं तर अख्ख्या गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं मावशींनी दुसरं केलं काय? लोकांचे विटलेले पडदे, कॉलर झिजलेले शर्ट, अंगाला न होणारे झगे त्यांच्या खोलीत येत आणि उशांचे अभ्रे, पिशव्या, भरतकामाचे रुमाल होऊन बाहेर पडत. भिंतीशी बरण्यांची रांग होती: एकीत बटणं, एकीत हुक, एकीत उसवलेल्या लेसची भेंडोळी. "टाका दाखवा, माणूस सांगते," ही त्यांची फुशारकी. ती खरी ठरायची, म्हणून तर लोकांना जास्त झोंबायची.

पण आज दुपारी टेबलावर तो पलंगपोस पसरला होता, कात्री हाताशी होती, आणि मावशी तिसऱ्यांदा हात धुऊन आल्या होत्या.

पलंगपोस दोन बहिणींचा. म्हणजे त्यांच्या आईचा. ती गेल्या वर्षी गेली. सहा जुन्या चादरींचे धड उरलेले तुकडे जोडून तिने तो केला होता, आणि प्रत्येक सांध्यावर पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने अशी बारीक पानं भरली होती की सांधा शोधायला बोट फिरवावं लागे. मधोमध, उशापासून पायथ्यापर्यंत, चार बोटं रुंद लेस. तीही हातची. बहिणींचं म्हणणं, लेस आईने अगदी म्हातारपणी लावली. कापड मध्ये विरलं असणार.

थोरली आणि धाकटी, दोघी साठीच्या आसपासच्या, अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचाराल तर दोघी दोन सांगत, आणि दोन्ही इतकी किरकोळ की ऐकून हसू यावं. मागच्या सोमवारी याच खोलीत त्या खुर्च्या शक्य तितक्या लांब ओढून बसल्या होत्या.

"हिला सांगा, मला अर्धा हवा," थोरली मावशींना म्हणाली होती.

"तिला सांगा, अर्धाच मिळेल," धाकटीही मावशींकडेच बघून म्हणाली.

"अहो, पण मध्ये लेस आहे. ती कुणा तरी एकीकडे ठेवावी लागेल."

"लेसही अर्धी करा!" हे मात्र दोघी एका सुरात बोलल्या, आणि एका सुरात बोललो म्हणून दोघींना आणखी राग आला.

खोलीच्या कोपऱ्यात घड्याळं दुरुस्त करत बसलेले मावशींचे यजमान तेव्हा हळूच पुटपुटले होते, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." मावशींनी डोळे वटारून त्यांना गप्प केलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. काम घेतलं खरं, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

लेस उभी चिरणं म्हणजे काय, ते ज्याने लेस केली त्यालाच कळतं. लेस म्हणजे कापड नव्हे. ती नुसती गाठी आणि भोकं. एक दोरा तुटला की शेजारचे दहा मोकळे होतात. कापायच्या रेषेच्या दोन्ही अंगांना आधी बारीक टाक्यांची ओळ घालावी लागते, आणि एवढं करूनही लेस वाचेलच असं नाही. त्यात ही लेस! इतकी सुरेख लेस मावशींनी जन्मात पाहिली नव्हती. पाच वाजता बहिणी येणार होत्या, आणि सव्वातीन होऊन गेले होते.

"भिंग द्या हो जरा," त्यांनी हाक मारली आणि मधली रेषा शोधायला पलंगपोस उलटा केला. यजमान भिंग घेऊन आले आणि स्वतःही वाकून बघू लागले.

रेषा आयतीच सापडली. लेसच्या बरोबर मध्यावर टाक्यांची एक ओळ होती, सरळ आणि एकसारखी.

"मशीनचा टाका," मावशींनी नाक मुरडलं. "एवढी लेस हाताने केली आणि शेवटी मशीन फिरवलं. दमली असेल बिचारी."

चिरायच्या रेषेवरचा हा टाका आधी काढायला हवा होता. मशीनचा टाका उसवायची त्यांची रीत ठरलेली होती: कडेची गाठ सोडायची, मग दर चौथा टाका कापत जायचं. त्यांनी सुईच्या टोकाने गाठ सैल केली आणि दोरा जरासा ओढून पाहिला.

सर्र!

धान्याच्या पोत्याची शिवण नेमक्या टोकाने ओढली की एका दमात सुटते ना, तशी ती ओळ सुटत गेली. मावशी हात आवरेपर्यंत सगळा दोरा त्यांच्या मांडीवर गोळा झाला होता आणि टेबलावर एकाचे दोन पलंगपोस झाले होते.

"मेले! अहो, मी काय करून बसले हे!"

यजमानांनी आधी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग भिंग डोळ्याला लावून त्यांनी लेस या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. "तुटलं काहीच नाही," शेवटी ते म्हणाले. "तूच बघ."

मावशींनी पाहिलं. लेस एक नव्हतीच. दोन-दोन बोटं रुंदीच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही पुऱ्या, दोन्हींच्या कडा पक्क्या. एकीचे उंचवटे दुसरीच्या खाचांत बसवून त्या साखळी टाक्याने जोडल्या होत्या. पुढच्या वेढ्यात मागचा वेढा अडकवत नेलेला हा टाका एरवी हलत नाही, पण शेवटची गाठ सोडून ओढला की पहिल्यापर्यंत निघून येतो. आणि तो हाताने घातलेला होता. मांडीवरच्या दोऱ्यावर वेढ्यांचे बाक अजून होते. मावशींनी भिंगाखाली मोजले: नखाएवढ्या लांबीत चौदा. शेजारी पुन्हा चौदा, त्याच्या पुढे पुन्हा चौदा. चाळीस वर्षं टाके ओळखणाऱ्या बाईने माणसाच्या हाताला मशीन म्हटलं होतं.

खरं तर लाज वाटायला हवी होती. पण अंगावर सरसरून काटा आला, आणि त्या म्हातारीचे हात एकदा, फक्त एकदाच, हातात धरून बघावेत असं त्यांना इतकं वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अहो, असंही करता येतं माणसाला!" त्या म्हणाल्या. रडताना त्या हसतही होत्या.

"आणि हे एकदाच केलेलं नाही," यजमान म्हणाले. "ही गाठीची जागा बघ, हाताळून गुळगुळीत झालीय. लेस पिवळी पडलीय, पण दोरा नवा आहे. बाईने हे पुन्हा पुन्हा उसवलंय आणि पुन्हा पुन्हा घातलंय."

"पण कशाला?"



थोरली पाचाला पाच कमी असताना आली, धाकटी पाच वाजून पाच मिनिटांनी. टेबलावरचे दोन भाग दिसताच दोघी दारातल्या दारात थबकल्या.

"कापलात?" थोरलीने विचारलं. सोमवारचा तोरा आवाजात उरला नव्हता.

"मी नाही. तुमच्या आईने," मावशी म्हणाल्या आणि सगळं दाखवलं. कापड कुठेही विरलं नव्हतं. आईने धडधाकट पलंगपोस स्वतः मधोमध कापला होता, दोन्ही कडा दुमडून त्यांना लेस लावली होती, आणि लेसला लेस जोडली होती. "एका दोऱ्याने सुटतो. दोन्ही भाग पुरे आहेत. कुणाचंच काही कमी होत नाही."

"म्हणजे आईला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "आम्ही वाटण्या करणार हे तिला आधीच माहीत होतं."

थोरली दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवत होती. "नाही गं," ती म्हणाली.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती बहिणीशी बोलली होती, आणि तिचं तिलाच ते कळलं नाही.

"हा भिजला की केवढा जड व्हायचा, आठवतंय? एक टोक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. तू नेहमी चुकीच्या बाजूला पीळ घालायचीस."

"तूच घालायचीस."

"आईची बोटं शेवटपर्यंत चालली, पण मनगटं कधीच गेली होती. हा पिळायला आपण दोघी लागायचो. आणि भांडलो तेव्हापासून मी जायचे रविवारी, तू जायचीस बुधवारी." थोरलीने दुमडलेली कड मुठीत धरली. "एका दिवशी आपण कधी गेलोच नाही गं. ती कुणाला सांगणार होती? म्हणून अर्धा केला. एकेक भाग तिला एकटीलाच धुता यावा म्हणून."

मग मावशींना राहवलं नाही. "आणि वाळल्यावर ती पुन्हा जोडायची," त्या म्हणाल्या. "दर वेळी, अख्खी लांबी. मला आठ दिवस लागतील त्याला. दोन भाग तसेच ठेवले असते तरी कोण विचारायला येणार होतं? पण तिने एकदाही तसे ठेवले नाहीत."

धाकटी खुर्चीवर बसली. "ताई," ती म्हणाली. थोरली तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"जोडून द्या मावशी," थोरली म्हणाली.

"देते की. पण आधीच सांगते, माझा टाका तिच्यासारखा यायचा नाही. दिसेल."

"दिसू दे," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आणि चांगला पक्का घाला. सुटायला नको. धुवायला आता आम्ही दोघी आहोत."