चारचा भोंगा

भोंगा वाजला आणि तेआगाईने पायातला चेंडू उचलून काखेत मारला.

मग तो पळत सुटला. गोलकडे नव्हे, मैदानाबाहेर. त्याच्या मागे फाइवा, फाइवाच्या मागे उओटा, आणि बघता बघता तुवालूचा सतरा वर्षांखालच्या पोरांचा अख्खा संघ पांढऱ्या रेषेपलीकडे जाऊन उभा राहिला. गोलकीपर सेमिसीसुद्धा आपला गोल वाऱ्यावर सोडून आला होता. बाकापाशी त्यांचे प्रशिक्षक वागुना दोन्ही हात हलवत "बाहेर, बाहेर, लवकर" असं ओरडत होते.

मैदानात उरले पंच आणि समोरचे अकरा जण. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग चेंडू हाताने उचलला म्हणून पंचांनी शिट्टी दिली. समोरच्या एका पोराने येऊन तेआगाईच्या काखेतला चेंडू काढून घेतला, जागेवर ठेवला आणि मोकळ्या गोलात मारला. स्पर्धा भरली होती त्या लाउतोका गावच्या साखर कारखान्याचा भोंगा तोवर वाजतच होता. चारची पाळी सुटली होती. विमान कुठेच नव्हतं.

तुवालूच्या फुनाफुटी बेटावर वाढलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. बेटच एवढं चिंचोळं की धावपट्टी हीच काय ती सपाट, मोकळी जागा. संध्याकाळी तिच्यावर फुटबॉल, उकाडा असला की तिच्यावरच चटया टाकून झोपायचं. विमान यायचं झालं की भोंगा होतो, आगीचा लाल बंब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो आणि माणसं, कुत्री, मोटारसायकली सगळं बाजूला होतं. तो बंब चालवतात ते हेच वागुना. या पोरांना धड चालता येत नव्हतं तेव्हापासून त्यांनी बंबाच्या खिडकीतून ओरडून ओरडून एवढं एकच शिकवलं होतं, की भोंगा झाला की पळायचं आणि पट्टीवर काही ठेवायचं नाही. शेवटी चेंडू उचलायचं काम सगळ्यात चपळ पोराकडे असायचं. ते काम बरीच वर्षं तेआगाईकडे होतं.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर पोचली. कुणीतरी तिच्यावर लाटांचा आवाजही चढवला होता. बाहेरच्या माणसाला तुवालू म्हटलं की बुडणारं बेट आठवतं आणि लगेच कीव येते. त्या किवेचा कंटाळा येऊन गेला होता, आता वर हसंही झालं.

पोरं एका चर्चच्या सभागृहात उतरली होती. जमिनीवर चटया टाकून सगळे भात आणि डब्यातला मासा खात बसले होते.  फाइवाला गप्प बसणं कधीच जमलं नाही.

"तेआगाईला कशाला बोल लावायचा?" तो म्हणाला. "तो आपला निघायचा सराव करतोय."

दोघंतिघं हसले आणि लगेच थांबले. तेआगाईच्या घरच्यांचं नाव ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाण्याच्या सोडतीत निघालं होतं. आईवडील, दोन बहिणी आणि तो, पुढच्या महिन्यात सगळे ब्रिस्बेनला जायचे होते. संघात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजवर त्याच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

तेआगाई बोटाने मासा ताटाच्या कडेला सारत राहिला.

"मी नव्हतं नाव घातलं," तो म्हणाला. "बाबांनी घातलं."

"नाव कुणी का घालेना. पाय तुझेच जाणार ना?"

तेआगाईने ताट खाली ठेवलं आणि तो उठला. फाइवाही उठला. वागुना मध्ये पडणार तोच दारात आयोजकांपैकी एक साहेब येऊन उभे राहिले. हातात केळ्यांचा घड. माणूस खरंच भला होता, त्यामुळे प्रकरण आणखीच अवघड झालं.

"शनिवारी तुमचा शेवटचा सामना आमच्या पोरांशी आहे," ते वागुनांना म्हणाले. "ती चित्रफीत बघून लोक येणार, गर्दी होणार. मी म्हटलं, सामना सकाळी घेऊ, मागच्या सरावाच्या मैदानावर. तेव्हा भोंगा नसतो आणि तिथे बघायलाही कुणी येत नाही. उगाच लेकरांच्या मनाला लागायला नको."

वागुना जन्माचे भिडस्त. आभार मानायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

"नको," तेआगाई म्हणाला.

"अरे बाळा, तुमच्याच सोयीसाठी सांगतोय."

"सामना अडीचला आहे ना, साहेब? मग अडीचलाच खेळू, त्याच मैदानावर. भोंगा वाजू दे."

"आणि पुन्हा पळालात तर?"

"तर तुम्हाला एक गोल फुकट मिळेल. त्यात तुमचं काय वाईट आहे?"

फाइवाला हसू फुटलं. साहेबांनी वागुनांकडे पाहिलं. वागुनांनी मान खाजवली, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरगं म्हणतंय तेच संघाचं म्हणणं समजा." केळी मात्र पोरांनी ठेवून घेतली.

तेआगाई बोलायला बोलून गेला, पण पायांचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी सभागृहामागच्या अंगणात वागुनांनी फोनवर भोंगा लावून पाहिला. पोरं दातांवर दात रोवून उभी होती, तरी चौघं कुंपणापर्यंत गेलीच. सेमिसी तर सरावातही नव्हता, नळावर दात घासत होता. तो तोंडात ब्रश घेऊन थेट रस्त्यावर पोचला.

"नाही ऐकणार," वागुना म्हणाले. "पायांचा दोष नाही. मीच लावलंय ते वळण."  मग त्यांनी फाइवाचे दोन्ही खांदे धरून त्याला कुंपणाकडून समोरच्या गोलाकडे वळवलं. "पळायचंच आहे ना? पळा. फक्त तोंड इकडे करून पळा."

पोरांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा अंगणात एकच कालवा झाला.

"पण काका, सगळेच पळाले तर चेंडू कोण देणार?" उओटाने विचारलं.

"तेच सांगतोय. कुणीतरी एकाने चेंडू पायाखाली धरून जागचं हलायचं नाही. भोंगा डोक्यात घुसला तरी हलायचं नाही."

 ते काम कुणालाच नको होतं.

"मी थांबतो," तेआगाई म्हणाला.

"तू?" फाइवा म्हणाला. "सगळ्यात आधी तर तूच पळतोस."

"म्हणूनच."

शनिवारी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. वाऱ्यावर कारखान्यातून मळीचा वास येत होता. लोक भाजलेल्या शेंगा खात होते आणि फुटबॉलपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते. बारकी पोरं तोंडानेच भोंगा वाजवून दाखवत होती. यजमान संघ खरोखरच चांगला होता. मध्यंतरापर्यंत त्यांचे दोन गोल झाले, नंतर तिसरा झाला. तुवालूच्या पोरांचा या स्पर्धेत अजून एकही गोल नव्हता.

चार वाजत आले तसे लोकांनी फोन वर धरले.

सेमिसीने नुकताच एक चेंडू छातीशी अडवला होता. त्याने तो तेआगाईकडे सोडला. तेआगाईने मध्यरेषेच्या अलीकडे तो पायाखाली घेतला आणि भोंगा सुरू झाला.

सगळी गर्दी उठून उभी राहिली. समोरची पोरं थांबली. मजा बघायला ती केव्हाचीच मध्यरेषेपर्यंत पुढे आली होती. एकाने तर कमरेत वाकून, हात पसरून, तेआगाईला मैदानाबाहेरची वाट दाखवली.

  भोंगा चढत गेला तसे तेआगाईचे हात खाली, चेंडूच्या दिशेने जायला लागले आणि लोकांत हशा पिकला. हात गुडघ्यांपर्यंत आले. तिथे त्याने गुडघे घट्ट धरले आणि तो तसाच वाकून राहिला.

बाकीचे पळाले. पण या वेळी रेषेकडे कुणी गेलं नाही. फाइवा, उओटा, सेमिसी सोडून सगळेच्या सगळे समोरच्या गोलाकडे सुटले, लहानपणापासून पळत आले होते तसेच, जिवाच्या आकांताने. हशा अजून चालूच होता. तेआगाई सरळ झाला, त्याने एकदाच वर पाहिलं आणि पोरं मध्यरेषा ओलांडायच्या आत चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून लांब मारला. यजमानांचे बचावपटू वळेपर्यंत उओटा त्यांच्या पुढे निघून गेला होता. त्यांचा गोलकीपर पुढे आला, उओटाने चेंडू त्याच्या बाजूने ढकलला. गोल झाल्याची पंचांची शिट्टी भोंग्यात कुणाला ऐकूच आली नाही. जाळं हललं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

नऊ पोरं एकमेकांवर पडली. सेमिसी आपल्या गोलाच्या खांबाला मिठी मारून उभा होता. वागुना बाकावर होते. भोंगा सुरू झाल्यापासून ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते आणि अजूनही त्यांनी हात काढले नव्हते.

तेआगाई जिथे होता तिथेच होता. भोंगा पूर्ण थांबेपर्यंत त्याने पाऊल उचललं नाही.

सामना ते हरले. यजमानांनी शेवटी आणखी एक गोल केला. त्याला हक्काच्या टाळ्याही पडल्या. पण फोन वर धरलेले हात केव्हाच खाली आले होते. हात मिळवताना वाट दाखवणारा पोरगा तेआगाईला काहीतरी म्हणाला आणि आपला सदरा काढून त्याला देऊन गेला.

पोरं बसकडे निघाली. तेआगाई पुन्हा मध्यरेषेपाशी गेला आणि त्याच जागी गवतात बसला. थोड्या वेळाने फाइवा पिशवी खांद्यावर टाकून परत आला.

"चल. बस थांबलीय."

"तुम्ही व्हा पुढे."

फाइवा घुटमळला. मग पिशवी खाली टाकून तोही शेजारी बसला. दोघं गवताच्या काड्या उपटत राहिले.

"ब्रिस्बेनला असतो का रे भोंगा?"

"माहीत नाही."

फाटकाजवळ रखवालदार उभा राहून शिट्टी मारत होता. मैदान रिकामं करायचं होतं. त्यांनी ऐकलं नाही असं वाटून त्याने आणखी जोरात मारली. फाइवाचा पाय आपोआप उचलला गेला होता. तेआगाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वाजतंय," फाइवा म्हणाला.

"वाजू दे."