हिंगळाईचा पत्ता

माझ्या तोंडाला अख्खी आळी घाबरते, आणि ते बरंच आहे. नाहीतर जूनमध्ये भावना टेम्पोतून बिऱ्हाड घेऊन आली तेव्हा तिला बोटीवर ठेवायला दादूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कधीच होकार दिला नसता.

भावना आमच्याच आळीची लेक. तिचा नवरा केतन बोईसरला कारखान्यात कंत्राटावर. तिथेच जवळ सरावलीत नऊ वर्षं एका खोलीत राहिले. मग मालकाने चाळ पाडायला काढली. तिथे इमारत होणार म्हणून 'परवडणारी घरं' असा भलामोठा फलक लागला. कुणाला परवडणारी, तेवढं लिहायचं राहिलं. दुसऱ्या खोलीसाठी दोघांनी महिनाभर चपला झिजवल्या. पण कुटुंबाला खोली देतो कोण? आठ एकटे कामगार कोंबले की माणशी भाडं मिळतं. भावनाच्या भावाच्या घरात आधीच सात माणसं. शेवटी ठरलं ते असं: केतनने कारखान्याच्या शेडमध्ये झोपायचं, भावनाने भावाच्या ओटीवर, आणि दोन्ही मुलींनी वापीला आत्याकडे राहायचं.

"फाका आंब्याच्या करतात, संसाराच्या नाय," मी म्हटलं. "आमची बोट हाय की."

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. आमची हिंगळाई किनाऱ्यावर टेकू लावून उभी होती, वर ताडपत्री आणि झावळ्या. दादू कुरकुरला, "बायका बोटीवर झोपल्या तर मासळी रुसंल."

"बायकांच्या पाटीत बसून बाजारात जाते तवा नाय रुसत ती?" मी विचारलं. दादू विडी ओढायला बाहेर गेला.

तर चौघं बोटीत राहिली. अंघोळ, धुणं आमच्या मोरीत, स्वयंपाक ताडपत्रीखाली शेगडीवर. केतन कामावर गेला की भावना आमच्या जाळ्यांच्या खोलीत येऊन बसायची. ही खोली घरामागे आहे, पक्क्या भिंतींची, दाराशी नळ. पावसाळाभर आत छपरापर्यंत जाळी रचलेली असतात. भावनाने फाटकी जाळी सांधायला घेतली, आणि अशी सांधली की गाठ कुठे मारली ते मला सापडेना. माझ्या तोंडून कौतुक निघणं सोपं नाही, पण निघालं.

तिच्या थोरलीचं, किंजलचं, आमच्या गावच्या शाळेत चौथीत नाव घातलं. सरावलीच्या शाळेकडून दाखला पोस्टाने यायचा होता. एके दिवशी आमचा पोस्टमन नीलेश हसत हसत दारात आला. पाकिटावर पत्ता होता: किंजल केतन, हिंगळाई बोट, किनारा. पोरीने तो बाईंना स्वतःच सांगितला होता.

"काकी, इतक्या वर्षांत बोटीचं पाकीट पयल्यांदा आणलं," नीलेश म्हणाला. किंजलने फ्रॉकला हात पुसून ते घेतलं. त्यानंतर चार दिवस ती बोटीची शिडी मान ताठ करून चढत होती.

जुलै संपता संपता प्रीतम आला. हा बोईसरचा कंत्राटदार. बोट पाण्यात गेली की जाळी बोटीवर जातात आणि खोली रिकामी होते, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. त्याला बारा कामगारांसाठी जागा हवी होती. भाडं माणशी. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, आनंदाने हो म्हटलं.

मग भावनाकडे गेले. "पुनवेला बोट जाईल, बाय. तुमचं काय ते बघा."

तिने हातातली सुई खाली ठेवली. "काकी, पावसात जाळी खोलीत होती नि आमी बोटीत. आता जाळी बोटीत जातील, तर आमाला खोली द्या. जूनला जाळी आली की आमी परत बोटीत जाऊ. भाडं घ्या, पण एका घराचं, माणशी नाय. आन कागद करून द्या. फुकट नको."

रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सरळ बघत बोलत होती. माझं टाळकं सणकलं.

"भटाला दिली ओसरी! माझ्या खोलीत कोण ऱ्हाणार ते तू ठरवणार?"

"सरावलीच्या मालकांना दोन म्हयने तुमीच शिव्या घालताय, काकी," ती म्हणाली आणि सुई उचलून पुन्हा कामाला लागली.

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. राग तिचा नव्हता. ती खरं बोलली होती, त्याचा होता.

नारळी पुनवेला पुरुषांनी जाळी खांद्यावरून बोटीत नेली. नारळ दिला, पूजा झाली. माडाखाली भावनाचं गाठोडं होतं, आणि मुलींना वापीला पोचवायला तिचा भाऊ तयार उभा होता. भावनाने धाकटीची वेणी दोनदा सोडली, दोनदा घातली. बोट हलली तशी किंजलने माझा पदर ओढला.

"आजी, शाळेत माझा पत्ता हिंगळाई लिवलाय. आता पाकीट आलं तर नीलेशमामा पाण्यात जाईल?"

सगळे हसले. मला नाही हसू आलं. मी तिथल्या तिथे प्रीतमला फोन लावला.

"खोली गेली," मी सांगितलं.

"कुणाला? मावशी, मी भाडं वाढवतो ना!"

"ज्यांची होती त्यांना गेली," म्हणून मी फोन ठेवला.

बोटीचं नाव रंगवून उरलेला निळा रंग पडवीत होता. तो घेऊन मी खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'हिंगळाई' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण नीलेशला वाचता येण्यापुरतं होतं. किंजलने बोट फिरवून वाचलं आणि तिचं बोट निळं झालं.

भावना मागे उभी होती, डोळे भरलेले, पण आवाज तसाच ठाम. "आन कागद, काकी?"

"उद्या करू. अकरा म्हयन्यांचा."

"पण जूनला जाळी परत येतील. तवा आमी बोटीत जायचं ना?"

"जाळी ऱ्हातील बोटीत," मी म्हटलं. "त्या ताडपत्रीखाली चार माणसांनी पावसाळा काढला, जाळ्यांना काय धाड भरलीय? जा, गाठोडं आत घे."