मांडवगणची सीतेची वेणी

मांडवगण फराट्याहून दौंडपर्यंत जीपमध्ये सुफियानं झाड मांडीवर धरलं होतं. कॉलेजच्या वनस्पती उद्यानाच्या फाटकापाशी ती उतरली तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, पण झाडाची एकही पाकळी गळाली नव्हती. बाभळीच्या हातभर ओंडक्यावर वाढलेलं ते ऑर्किड. त्याला फुलांचे तीन लांब तुरे लोंबत होते, पांढरे, जांभळ्या ठिपक्यांचे, वेणीसारखे घट्ट गुंफलेले. बरोबर तिचे वडील सुभान होते. गावात त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटरींत तांब्याची नवी तार भरायचं दुकान. मुलीचा हट्ट म्हणून ते आले होते, निदान घरी सांगताना तरी.

उद्यानात हिरव्या जाळीखाली टेबलं मांडली होती. पहिल्याच टेबलावर ओळीनं पिवळी, गुलाबी, गर्द जांभळी ऑर्किडं. सुभान थबकले.

"ही खरी हायत का गं?"

"हात लावू नका अब्बा. खरीच हायत."

देशी ऑर्किडांच्या स्पर्धेचा फॉर्म सुफियानं भरला. स्पर्धकाचं नाव एकच लिहायची जागा होती. तिथं तिनं बारीक अक्षरात 'सुफिया आणि सुभान' असं बसवलं. सुभाननी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

दहाच्या सुमारास परीक्षक सुषमा मॅडम आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण उद्यानाचं काम अजून बघणाऱ्या, गळ्यात दोरीला भिंग. सुफियाच्या टेबलापाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"सीतेची वेणी. सुरेख आहे. कुठल्या नर्सरीतून घेतलीत?"

"घेतली न्हाई मॅडम. मी कारेगावला कंपनीत कामाला हाय, तिथं माझी रूममेट हाय, बर्नाली, आसामची. तिच्या अंगणातल्या झाडाचं रोप तिनं आणलेलं. ती लोकं ह्याला कपौ म्हणत्यात. पाच वर्षं झाली, मांडवगणला आमच्या घरी हाय."

"मांडवगणला? मे महिन्यात तिथे बेचाळीसच्या वर जातं ऊन." मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे बघा, झाड निदान दोन वर्षं स्वतःकडे असलं पाहिजे, असा नियम आहे. गेल्या वर्षी दोघांनी आदल्या दिवशी विकत आणून मांडली होती. मला विचारावंच लागतं."

सुफियानं मोबाईलमधले जुने फोटो दाखवले. मॅडमनी ते पाहिले आणि मान हलवली.

"फोटो कुठल्याही झाडाचे असू शकतात."

सुभानचा चेहरा उतरला. "म्हंजी आमी खोटं बोलतोय व्हय? चल सुफे, उचल झाड."

सुफिया मात्र हलली नाही. कंपनीत तिचं कामच तपासणीचं होतं. रंगात एक फोड दिसला तरी ती पार्ट परत पाठवायची, आणि लाईनवरचे लोक रागावले तर त्यांना भिंगातून फोड दाखवायची. कुणी तपासतं म्हणजे आपला अपमान करतं, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"थांबा अब्बा. मॅडम, तुम्ही तपासा. फक्त फुलांकडं नका बघू, मुळांकडं बघा."

तिनं ओंडका हलकेच उलटा फिरवला. पेन्सिलीएवढी जाड, करडी मुळं सालीवर पसरली होती आणि तिच्या भेगांत शिरली होती. त्यांच्याखाली निळ्या कापडाची एक विटलेली पट्टी दिसत होती. मुळं त्या पट्टीवरून गेली होती आणि फाटे फुटून पट्टीच्या दोन्हीकडं सालीला चिकटली होती.

"ही माझी शाळेची ओढणी. बांधायला पट्टी फाडली. आता काढायची म्हटलं तर मुळं तुटतील. काल-परवा कुणी बांधलं असतं तर कापड वर असतं आन् मुळं खाली."

मॅडम वाकल्या. भिंग डोळ्याशी धरून त्यांनी एकेका मुळाचा माग काढला. बुडाशी त्यांना एक काळा वण दिसला.

"हे काय झालंय?"

सुफियानं वडिलांकडं पाहिलं. सुभाननी घसा साफ केला.

"ती माझी चूक हाय. पहिल्यांदा मीच बांधलं, तांब्याच्या तारेनं. दुकानात तीच असती ना. महिन्याभरात मुळं काळी पडाय लागली. हिनं येऊन तार कापली आन् मला लई बोलली."

मॅडम हसल्या. "तांबं ऑर्किडला मारतं, हे माझ्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षी शिकवावं लागायचं. आणि उन्हाळ्याचं काय करता?"

आता सुभानना थांबवणं अवघड होतं. सुफिया सुट्टीच्या दिवशीच घरी येते, बाकीचे दिवस झाड त्यांच्याकडं. उत्तरेच्या भिंतीला ओलं गोणपाट, खाली पाण्याची पसरट घमेली, दुपारी जुन्या कूलरचा पंखा. "ऊन वाढलं की दर दोन तासाला गोणपाट भिजवायचं. दुकानातलं काम ऱ्हायलं तरी चालंल." आजूबाजूची चार माणसं ऐकायला थांबली. एकानं वहीही काढली.

मॅडमनी फॉर्मवर सही केली. "स्पर्धेत आहात तुम्ही."

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर दौंडच्याच हौसराव नावाच्या वयस्कर गृहस्थांच्या झाडाचा आला, सुफियाचा दुसरा. सुभान पुटपुटले, "आपले तुरे त्याच्यापेक्षा लांब हायत की." सुफिया सरळ मॅडमकडं गेली.

"आमचे गुण पानांवर गेले ना? टोकं भाजलीत."

"हो. फुलांना तुम्हाला जास्त आहेत."

"बरोबर दिलेत मग."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "एक विचारू? हे झाड उद्यानाला द्याल? कॉलेजच्या मुलांना शिकवायला उपयोग होईल."

"झाड न्हाई देणार मॅडम," सुफिया म्हणाली. तिच्या आवाजात संकोच नव्हता. "त्याला आमच्या भिंतीची सवय हाय. तुम्हीच मुलांना घेऊन मांडवगणला या. अब्बा सगळं दाखवतील."

"रविवारी येऊ? पंचवीस मुलं असतील."

सुभान दचकले. "पंचवीस? बसवायचं कुठं?"

"शेजारच्या गणेचाचांकडनं सतरंज्या आणू की," सुफिया म्हणाली. मग झाड वडिलांच्या हातात देऊन ती हौसरावांच्या टेबलाकडं निघाली. ते आपल्या झाडापाशी एकटेच स्टुलावर बसले होते.

"आप्पा, ह्या उन्हात पानं एवढी हिरवी कशी ठेवली तुम्ही? मला शिकवा की."

हौसरावांनी शेजारचं रिकामं स्टूल तिच्याकडं सरकवलं.