होणाऱ्या मेव्हण्याला अडवताना

त्या रविवारी निहारवर एकच काम सोपवलेलं होतं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत बॅटऱ्यांवर पीएच.डी. करता करता तो अमेरिकन फुटबॉलच्या एका लहानशा क्लबात लाइनबॅकर झाला होता, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीत उभा राहायचा. ट्रेनरनं बजावलं होतं, की चेंडू फेकणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. समोरचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी, आधी साळसूदपणे जागेवर थांबेल, आपली माणसं फेकणाऱ्यावर तुटून पडली की हळूच बाजूला सटकेल आणि छोटा पास झेलून पळेल. त्याला निहारनं धरायचं.

अडचण अशी, की हा रनिंग बॅक म्हणजे समर, उल्काचा भाऊ. आणि त्याच संध्याकाळी निहार उल्काच्या घरी तिला मागणी घालायला जाणार होता.

उल्का स्वतः गुडघा जाईपर्यंत लाइनबॅकर खेळलेली. तिनंच निहारला बागेत दमेस्तोवर पळवून शिकवलं होतं, की बॅकच्या डोळ्यांकडे बघू नकोस, ते खोटं बोलतात, कमरेकडे बघ. या लाडोबा समरला बाबांच्या देखत कोणीतरी एकदा आडवं करावं, ही तिची जुनी इच्छा. म्हणून ती सख्ख्या भावाविरुद्ध निहारच्या क्लबाचा शर्ट घालून प्रेक्षकांत बसली होती. शेजारी तिचे बाबा, शशिधरकाका, थर्मासातला चहा पीत होते.

पहिल्यांदा समर सटकला तेव्हा निहार बरोबर पोचला होता. कमर दिसली, वाट दिसली, नुसतं झेपावायचं बाकी होतं. तेवढ्यात काका ओरडले, "समर, सांभाळून रे!" झालं. साताऱ्याहून निहारच्या आईनं सकाळीच फोनवर सांगितलेलं, की मुलीच्या भावाचा मान ठेव. आमच्या या पठ्ठ्यानं मान ठेवला, तो दोन पावलं मागे राहून. समरनं चेंडू झेलला आणि पळाला, आणि निहार त्याला स्टेशनवर सोडायला निघाल्यासारखा मागून गेला. शेवटी त्याला अलगद खाली बसवलं, हात देऊन उठवलं, पाठीवरचं गवत झटकलं आणि विचारलं, "लागलं नाही ना?" समरनं जर्मनमध्ये विचारलं, की तुला बरंबिरं नाही का.

मग काय, समोरच्यांना खाऊच सापडला. प्रत्येक वेळी तोच छोटा पास, तोच समर आणि मागून तेच सौजन्य. शेवटच्या मिनिटाला निहारचा क्लब पुढे होता, तरी समर त्याच वाटेनं निघाला आणि थेट पलीकडे पोचून सामना घेऊन गेला. ट्रेनरनं टोपी काढून जमिनीवर आपटली.

रात्रीच्या जेवणाला काका खुशीत होते. निहारच्या वाटीत त्यांनी स्वतः श्रीखंड वाढलं. एवढी नम्रता हल्लीच्या मुलांत कुठे दिसते म्हणाले, आणि मागणी घालायचीही वेळ येऊ न देता म्हणाले, "गेनाऊ, अगदी असाच जावई हवा होता मला." निहारला आभाळ ठेंगणं झालं. उल्का खाली मान घालून जेवत होती.

ट्रामच्या थांब्यापर्यंत ती सोडायला आली.

"आज तुला एकाच माणसाला अडवायचं होतं," ती म्हणाली. "उद्या बाबा म्हणतील इथंच राहा, असंच वागा, उल्काला हे करू देऊ नकोस. तू त्यांनाही वाट देशील. मला नाही करायचं हे लग्न."

"पण काका हो म्हणालेत," निहार म्हणाला.

उल्काला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता.

"मग मी नाही म्हणाले, हे तूच सांग त्यांना. एवढं तरी कर."

ट्राम आली. निहारनं खिडकीशी बसून फोन काढला, काकांचं नाव शोधलं, दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. उतरायच्या आधी त्यानं एकदाचा मेसेज पाठवला, की काका, श्रीखंड फार छान झालं होतं.